बंद संगणकातील शिल्लक माहिती आणि नवा साक्ष कायदा

झाशी येथे उत्तर प्रदेश शासनाची विधि विज्ञान प्रयोगशाळा आहे आणि त्याच शहरातील बुंदेलखंड विद्यापीठात न्यायसहायक विज्ञानाचे स्वतंत्र शिक्षण दिले जाते. झाशी, जालौन आणि ललितपूर हे तीन जिल्हे मिळून झाशी पोलीस परिक्षेत्र होते. हा टापू महानगरांपैकी नव्हे. तथापि १ जुलै २०२४ पासून देशात लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांची खरी कसोटी दिल्ली-मुंबईपेक्षा अशाच ठिकाणी लागणार आहे. कारण या कायद्यांनी पुराव्याच्या शास्त्रीय तपासणीचा जो भार टाकला आहे, तो शेवटी जिल्ह्याच्या पोलीस ठाण्यावर आणि तेथून जवळच्या प्रयोगशाळेवर येऊन पडतो.

या बदलातील एक लहानसा, पण दूरगामी भाग फारसा चर्चेत आलेला नाही. १८७२ च्या जुन्या पुरावा कायद्यातील कलम ६५-ब मध्ये इलेक्ट्रॉनिक अभिलेखांविषयी बोलताना प्रकाशीय आणि चुंबकीय माध्यमांचा उल्लेख होता, म्हणजे व्यवहारात सीडी आणि हार्ड डिस्क. त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ मध्ये 'सेमीकंडक्टर मेमरी' हे दोन शब्द नव्याने आले. पेन ड्राइव्ह, मोबाईलमधील साठवण आणि नव्या पद्धतीच्या सॉलिड स्टेट डिस्क त्यात येतात हे उघड आहे. परंतु संगणक सुरू असतानाच जिच्यात माहिती राहते, ती रॅम नावाची तात्पुरती मेमरीही सेमीकंडक्टरचीच असते. त्यामुळे एक जुना तांत्रिक प्रश्न आता न्यायालयाच्या दारात आला आहे. यंत्र बंद केल्यावर मेमरीत जे उरते, ते कोणी पुसायचे आणि कोणी जपायचे?

संगणक बंद केला की रॅममधील सारे काही तत्क्षणी नाहीसे होते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती पूर्णतः खरी नाही. आजच्या रॅमची मूळ रचना अमेरिकेतील आयबीएम कंपनीचे अभियंते रॉबर्ट डेनार्ड यांची असून तिचे पेटंट त्यांना १९६८ मध्ये मिळाले. या रचनेत माहितीचा प्रत्येक कण एका अतिसूक्ष्म धारित्रात विद्युतभाराच्या रूपाने साठवला जातो. हा भार सतत गळत असतो. म्हणून गळक्या घागरीत पुन्हा पुन्हा पाणी ओतावे, तसा संगणक दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक ओळ वाचून पुन्हा भरत राहतो. वीज गेली की हे भरणे थांबते. मात्र घागर रिकामी व्हायला वेळ लागतो. सामान्य तापमानाला हा वेळ काही सेकंदांचा असतो, क्वचित त्याहून अधिक.

फेब्रुवारी २००८ मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या जे. ॲलेक्स हाल्डरमन, एडवर्ड फेल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विलंबाचा उपयोग करून दाखवला, तेव्हा संगणक सुरक्षेच्या क्षेत्रात खळबळ उडाली. बाजारात मिळणारा हवेचा डबा उलटा धरून त्यांनी मेमरीच्या चिपवर फवारा मारला. चिपचे तापमान उणे ५० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरले आणि वीज तोडून दहा मिनिटे झाल्यावरही एक टक्क्याहून कमी कण बिघडले. द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवलेल्या चिपमधील तासाभरानंतरची हानी ०.१७ टक्के एवढीच होती. चिप काढून दुसऱ्या यंत्रात बसवावी, अथवा तेच यंत्र आपल्या ताब्यातील लहानशा प्रणालीने पुन्हा सुरू करावे आणि उरलेले सारे वाचून घ्यावे, अशी ही पद्धत होती. 'कोल्ड बूट' या नावाने ती ओळखली जाते. बिटलॉकर, फाइलव्हॉल्ट, ट्रूक्रिप्ट यांसारख्या डिस्क कूटबद्ध करणाऱ्या प्रणालींच्या किल्ल्या त्यांना अशा रीतीने मिळवता आल्या. डिस्कवरचे कुलूप कितीही भक्कम असो, यंत्र चालू असताना त्याची किल्ली रॅममध्येच ठेवावी लागते, हे त्यामागचे साधे कारण.

जर्मनीतील एर्लांगेन येथील संशोधकांनी २०१३ मध्ये हाच प्रयोग एका अँड्रॉइड मोबाईलवर, तो फ्रीजरमध्ये थंड करून, यशस्वी केला. थंडीचे हे गणित उलट्या दिशेनेही लागू पडते. तापमान वाढले की भार लवकर गळतो. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांवर नेणाऱ्या झाशीच्या उन्हाळ्यात, वातानुकूलन नसलेल्या खोलीतील बंद संगणकाच्या मेमरीतून काही मिळेल अशी आशा तपास अधिकाऱ्याने न धरलेली बरी.

प्रिन्स्टनच्या प्रयोगानंतर यंत्रनिर्मात्यांनी उपाय योजले. यंत्र नीट बंद न होता अचानक पुन्हा सुरू झाले, तर कार्यप्रणाली चालू होण्याआधी मेमरी पुसून काढावी, असा संकेत ट्रस्टेड कम्प्युटिंग ग्रुप या उद्योगसंस्थेने २००८ मध्येच ठरवून दिला. २०१८ मध्ये फिनलंडच्या एफ-सिक्युअर कंपनीच्या तज्ज्ञांनी हा संकेत नोंदवणारी खूण स्वतंत्रपणे बदलता येते हे दाखवले आणि उपाय अपुरा ठरला. लिनक्सच्या गाभ्यात २०१९ पासून, वापरून मोकळी केलेली मेमरी लगेच शून्यांनी भरण्याचा पर्याय उपलब्ध आहे. तो निवडावा लागतो. पत्रकार आणि कार्यकर्ते वापरतात ती टेल्स ही प्रणाली बंद होताना बहुतांश रॅम स्वतःहून पुसते. मेमरीतील मजकूरच कूटबद्ध ठेवणाऱ्या प्रक्रियकांचा मार्ग यांपैकी सर्वांत खात्रीचा दिसतो. मात्र सरकारी कार्यालयांत आणि लहान दुकानांत आठ-दहा वर्षे चालणाऱ्या संगणकांपर्यंत तो पोचायला अवकाश आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. सामान्य नागरिकाच्या संगणकावर कोणी थंड फवारा मारील ही शक्यता दूरची आहे. त्याला खरा धोका त्याहून साध्या ठिकाणी आहे. २०१२ मधील विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. ती चालू असलेल्या यंत्रावर 'शट डाऊन' ही आज्ञा दिली असता वापरकर्त्याचे सत्र बंद होते; परंतु कार्यप्रणालीच्या गाभ्याचा मेमरीतील भाग डिस्कवरील एका फाइलमध्ये उतरवून ठेवला जातो, जेणेकरून दुसऱ्या दिवशी यंत्र लवकर सुरू व्हावे. 'हायबरनेट' केले तर साऱ्या मेमरीचीच अशी प्रत निघते. रॅम अपुरी पडली की तिचा काही भाग डिस्कवरील पेज फाइलमध्ये जातो आणि यंत्र बंद करताना ही फाइल पुसण्याची सोय विंडोजमध्ये असली तरी ती मुळात बंद ठेवलेली असते. म्हणजे सेकंदांत विरणाऱ्या मेमरीची सावली डिस्कवर महिनोन् महिने राहू शकते. गंमत अशी की 'रिस्टार्ट' या आज्ञेने यंत्र जितके स्वच्छ होते, तितके या सोयीमुळे 'शट डाऊन'ने होत नाही.

झाशीसारख्या शहरात याचा अर्थ काय होतो, हे जनसेवा केंद्रांकडे पाहिले म्हणजे कळते. शिष्यवृत्तीचे अर्ज, उत्पन्नाचे दाखले, निवृत्तिवेतनाची कामे यांसाठी स्वतःचा संगणक नसलेली माणसे अशा केंद्रांवर येतात. आधार क्रमांक, बँक खात्याचा तपशील, कधी कधी पासवर्डसुद्धा दुसऱ्याच्या यंत्रावर, दुसऱ्याच्या हाताने भरला जातो. संध्याकाळी दुकानाचे शटर ओढताना तो संगणक 'बंद' होतो, तेव्हा दिवसभराच्या ग्राहकांचे त्यात काय उरते, याची चौकशी ग्राहक करीत नाही आणि बहुधा चालकालाही ते ठाऊक नसते.

कायदा याबाबत परस्परविरुद्ध दिशांना ओढतो. सायबर कॅफेविषयीच्या २०११ च्या नियमांनुसार वापराच्या नोंदी किमान एक वर्ष ठेवणे बंधनकारक करण्यात आले. सीईआरटी-इन या केंद्रीय संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये दिलेल्या निर्देशांत यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपण्यास सांगितले. दुसरीकडे, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ म्हणतो की ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपल्यावर, अन्य कायद्याने ठेवणे आवश्यक नसल्यास, ती पुसून टाकली पाहिजे. या अधिनियमाखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि प्रमुख जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू करण्याचे ठरवण्यात आले. 'पुसणे' म्हणजे नेमके काय, हा कळीचा मुद्दा आहे. नोंदवहीतून नाव काढले, फाइल कचरापेटीत टाकली, पण हायबरनेशनच्या फाइलमध्ये त्याची प्रत राहिली, तर ते पुसणे म्हणावे काय? मोठ्या कंपन्या यासाठी सल्लागार नेमतील. जनसेवा केंद्राच्या चालकाला मात्र कोणीतरी त्याच्या भाषेत, त्याच्या यंत्रावर दाखवून द्यावे लागेल.

आता दुसरी बाजू, म्हणजे तपासाची. यंत्र जप्त करताना थेट वायर ओढून ते बंद करावे, म्हणजे डिस्कवर नवे काही लिहिले जाणार नाही, ही शिकवण अनेक वर्षे जगभर दिली गेली. त्या काळी ती शहाणपणाची होती. डिस्क उघडी असे आणि पुरावा डिस्कवरच असे. तथापि पुरावा गोळा करताना जे लवकर नष्ट होते ते आधी घ्यावे, म्हणजे रॅम आधी आणि डिस्क नंतर, हे तत्त्व इंटरनेटच्या तांत्रिक समुदायाने फेब्रुवारी २००२ मध्येच लिहून ठेवले होते. आज ते अपरिहार्य झाले आहे. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या आवृत्तीपासून नव्याने प्रणाली बसवताना डिस्क आपोआप कूटबद्ध करण्याची पद्धत बहुतेक यंत्रांवर लागू झाली. अशा संगणकाची वायर ओढली की किल्ली रॅमसोबत विरते. मालकाने पासवर्ड सांगितला नाही, किंवा किल्लीची प्रत अन्यत्र सापडली नाही, तर हाती राहते ती न उघडणारी डिस्क.

मोबाईलच्या बाबतीत वेळेचा हिशेब आणखी कडक झाला आहे. ॲपलने २०२४ च्या अखेरीस आणि गूगलने २०२५ मध्ये अशी व्यवस्था आणली की सुमारे तीन दिवस कुलूपबंद अवस्थेत पडून असलेला फोन स्वतःहून पुन्हा सुरू होतो. तसे होताच मेमरीतील किल्ल्या जातात आणि फोनमधून माहिती काढणे कितीतरी अवघड होते. चोरीला गेलेल्या फोनच्या मालकासाठी ही मोठीच सोय आहे. पण ललितपूर किंवा उरई येथे जप्त झालेला फोन पंचनामा, मोहोरबंदी, पत्रव्यवहार आणि आवक क्रमांक यांच्या वाटेने झाशीच्या प्रयोगशाळेच्या टेबलावर तीन दिवसांत पोचेल काय? उत्तर प्रदेशाने सायबर पोलीस ठाणी आधी परिक्षेत्रांच्या मुख्यालयांत आणि पुढे सर्व जिल्ह्यांत नेली, ही योग्य दिशा आहे. परंतु ठाण्याची पाटी लावणे आणि चालू यंत्राची मेमरी जागेवरच उतरवून घेऊ शकणारा प्रशिक्षित हवालदार तेथे असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मधील तिसऱ्या पोटकलमाने सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे आवश्यक केले आहे. मात्र ते केव्हापासून लागू करायचे हे राज्यांनी पाच वर्षांच्या आत अधिसूचित करावयाचे आहे. त्या मुदतीत झाशीसारख्या प्रयोगशाळांना किती माणसे आणि कोणती साधने मिळतात, यावर या तरतुदीचे भवितव्य अवलंबून राहील.

रॅमच्या पुराव्यात आरोपीच्या हक्काचाही गंभीर प्रश्न दडलेला आहे आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले आहे. डिस्कची नक्कल घेतली की तिचे हॅश मूल्य, म्हणजे मजकुराचा गणिती ठसा, काढता येतो. मूळ डिस्क मोहोरबंद राहते. उद्या बचाव पक्षाने शंका घेतली तर न्यायालय दुसऱ्या तज्ज्ञाकडून तोच ठसा पुन्हा काढवून घेऊ शकते. रॅमची नक्कल घेताना तसे होत नाही. नक्कल घेणारे साधनच त्या मेमरीत जागा व्यापते, नक्कल चालू असतानाही मेमरी बदलत राहते आणि यंत्र बंद झाल्यावर मूळ उरतच नाही. हॅश मूल्य तेव्हाही काढता येते; परंतु ते नक्कल नंतर बदलली नाही एवढेच सांगते. नक्कल मुळाबरहुकूम होती, हे ते सांगू शकत नाही. चालू यंत्राला पोलिसांचा हात लागला म्हणजे त्यात काही घातले गेले नाही ना, ही शंका मग केवळ घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या साक्षीवर निवारण होते. संहितेच्या कलम १०५ ने झडती आणि जप्तीचे दृक्श्राव्य चित्रण अनिवार्य केले आहे. रॅमच्या बाबतीत ते चित्रण सर्वांत मोलाचे ठरते, कारण दुसरा साक्षीदार वीज जाताच नाहीसा झालेला असतो.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा एक महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातील खटल्यातूनच आला आहे, हे मराठी वाचकांना ठाऊक असेल. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ मधील निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किसनराव गोरंट्याल या प्रकरणात, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरणाचा वाद होता. १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने नक्कल सादर करताना कायद्यात सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यक असल्याचे स्पष्ट केले. नव्या अधिनियमाने हे प्रमाणपत्र दोन भागांत विभागले, एक सादर करणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, आणि हॅश मूल्य नोंदवणे त्यात समाविष्ट केले.

बंद यंत्राच्या मेमरीत काय राहते आणि ते पुसावे काय, हा वाद अगदी अलीकडे मतदान यंत्रांच्या निमित्ताने देशासमोर आला. मतदान यंत्रातील मेमरी रॅमसारखी विसरभोळी नसते. वीज गेल्यावरही मोजणीपर्यंत मते टिकली पाहिजेत, हाच तिचा हेतू असतो. २६ एप्रिल २०२४ रोजी न्यायमूर्ती संजीव खन्ना आणि न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठाने मतपत्रिकांकडे परतण्याची मागणी फेटाळली, परंतु दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना निकालानंतर सात दिवसांत लेखी मागणी करून पाच टक्के यंत्रांतील कायमस्वरूपी कोरलेल्या प्रोग्रामची तपासणी करून घेण्याचा मार्ग खुला केला. चिन्हे भरण्याची उपकरणे ४५ दिवस मोहोरबंद ठेवण्याचा आदेशही दिला. अहमदनगर लोकसभा मतदारसंघातून सुजय विखे पाटील यांनी अशी मागणी केली होती. पुढे ११ फेब्रुवारी २०२५ रोजी, तपासणीच्या प्रक्रियेत यंत्रातील माहिती पुसू नये आणि नव्याने भरूही नये, असे न्यायालयाने निवडणूक आयोगाला सांगितले. चाचणीसाठी यंत्र रिकामे करणे ही अभियंत्याच्या दृष्टीने नित्याची बाब असते. न्यायालयाच्या दृष्टीने तोच पुराव्याचा नाश ठरू शकतो. या दोन दृष्टींमधील अंतर पोलीस ठाण्यातील जप्त संगणकाबाबतही तेवढेच आहे.

झाशीत या विषयाला आणखी एक पदर आहे. उत्तर प्रदेश संरक्षण उद्योग मार्गिकेच्या सहा केंद्रांपैकी झाशी हे एक असून, १९ नोव्हेंबर २०२१ रोजी, राणी लक्ष्मीबाईंच्या जयंतीदिनी, तेथे भारत डायनॅमिक्सच्या ४०० कोटी रुपयांच्या प्रकल्पाची पायाभरणी पंतप्रधानांच्या हस्ते झाली. रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रांच्या प्रणोदन यंत्रणेशी हा प्रकल्प संबंधित आहे. अशा उद्योगाभोवती लहान पुरवठादारांचे जाळे तयार होते आणि आराखडे त्यांच्या संगणकांवरून फिरतात. मोठ्या कारखान्याच्या फाटकावर तपासणी असते. पुरवठादाराच्या कचेरीतून दुरुस्तीला किंवा भंगारात जाणाऱ्या संगणकाची तशी तपासणी कोण करणार? जुन्या डिस्कवर चुंबक फिरवण्याचा उपाय सॉलिड स्टेट डिस्कवर चालत नाही. तिथे डिस्कमध्येच असलेली पुसण्याची आज्ञा वापरावी लागते किंवा चिप फोडावी लागते. 'फॉरमॅट मारला' एवढ्यावर समाधान मानण्याची सवय येथे महागात पडू शकते.

नव्या अधिनियमाच्या अनुसूचीतील प्रमाणपत्राचा नमुना पाहिला तर कायदा आणि यंत्र यांच्यातील फट नेमकी दिसते. माहितीचे उगमस्थान दर्शवण्यासाठी त्यात संगणक किंवा साठवण माध्यम, डीव्हीआर, मोबाईल, फ्लॅश ड्राइव्ह, सीडी-डीव्हीडी, सर्व्हर, क्लाउड आणि 'इतर' अशा चौकटी आहेत. त्याखाली यंत्राचा रंग आणि अनुक्रमांक विचारला आहे. जप्तीच्या क्षणी यंत्र सुरू होते, निद्रावस्थेत होते की बंद होते, यासाठी मात्र रकाना नाही. रॅमची नक्कल सादर करणाऱ्या अधिकाऱ्याला तूर्त 'इतर' या चौकटीत खूण करून खालच्या कोऱ्या जागेत स्वतःच्या शब्दांत लिहावे लागेल, आणि उलटतपासणीत पहिला प्रश्न त्यावरच विचारला जाईल.